प्लस इनपुट

सातपूरच्या आयटीआयमधून बाहेर पडलेला पोरगा व्हीएमसीवर, म्हणजे प्रोग्रामवर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर, पहिल्यांदा उभा राहतो, तेव्हा त्याला बजावलं जातं की दार लावल्याशिवाय सायकल स्टार्ट दाबायचं नाही आणि प्रोग्रामला हात लावायचा नाही. पहिली ताकीद त्याने जन्मभर पाळावी. दुसरीबद्दल मला बोलायचं आहे.

महिंद्र, बॉश, सीएट ही सातपूरची मोठी नावं. पण एमआयडीसीच्या आतल्या गल्ल्यांत शिरलं की दोन-चार मशिनांचे गाळे लागतात. तिथे आज आठ होलची फ्लँज असते, उद्या बारा होलची. सगळे होल एकाच वर्तुळावर, सारख्या अंतराने. ड्रॉइंगवर फक्त पीसीडी, म्हणजे त्या वर्तुळाचा व्यास, आणि होलची संख्या. मी काम शिकलो तेव्हा सेटर कॅल्क्युलेटर घेऊन बसायचे. प्रत्येक होलचा कोन काढायचा, कोसाइनने एक्स, साइनने वाय, आणि आठ होलच्या आठ ओळी लिहायच्या. बारा होलचा जॉब आला की पुन्हा पहिल्यापासून.

फॅनक कंट्रोलवर यासाठी मॅक्रोची सोय असते. होलची संख्या एका व्हेरिएबलमध्ये, त्रिज्या दुसऱ्यात, कितवा होल चालू आहे ते तिसऱ्यात. व्हेरिएबलला नाव नसतं, नंबर असतो, आणि त्याच्या आधी हॅशची खूण. कोन मशीनच काढतं, होल मारतं, आकडा एकने वाढवतं आणि परत वर जातं. बारा होल आले तर एकच आकडा बदलायचा.

हे शिकवायला बसलं की नवा पोरगा एका ओळीवर हमखास अडतो. मध्यंतरी एकाने विचारलंच, “दादा, हॅश शंभर बरोबर हॅश शंभर अधिक एक. हे कसं बरोबर असेल? शंभर एकशे एक कसे होतील?”

प्रश्न अगदी रास्त आहे. शाळेत दहा वर्षं ‘बरोबर’ म्हणजे दोन्ही बाजू समान असं शिकलेल्या मुलाला ही ओळ खोटी वाटलीच पाहिजे. पन्नासच्या दशकाच्या अखेरीस आल्गोल ही संगणकाची भाषा घडवणाऱ्यांनाही हा फरक ठळक दाखवावासा वाटला होता. किंमत ठेवायची असेल तिथे त्यांनी ‘बरोबर’च्या आधी दोन टिंबं दिली. फोरट्रानपासून पायथनपर्यंत कितीतरी भाषांनी मात्र साधी खूणच ठेवली, आणि पायथन शिकणारी कॉलेजची मुलंही इथेच थबकतात.

मी त्याला ऑफसेटचं पान उघडायला लावलं. लेथवर टूल झिजतं, बाहेरचा व्यास वीस मायक्रॉन मोठा येतो, म्हणून वेअरच्या रकान्यात वजा शून्य पूर्णांक शून्य दोन टाकायचे. हे काम तो रोज करतो. “कोणतं बटन दाबतोस?” “प्लस इनपुट.” “नुसतं इनपुट का नाही?” तो लगेच म्हणाला, “मग आधीचं पुसलं जाईल ना. आधीच्यात मिळवायचंय.” म्हणजे रकाना तोच, त्यातला जुना आकडा उचलायचा, त्यात मिळवायचं आणि त्याच रकान्यात परत ठेवायचं. हॅश १०० ही त्या रकान्यासारखी जागा आहे. १०० हा त्या जागेचा नंबर, तिची किंमत नव्हे. पोरगा काही बोलला नाही, पण पुढची ओळ त्याने स्वतः टाइप केली.

माझं ठाम मत आहे की व्हेरिएबल ही गोष्ट या पोरांना नव्याने शिकवावी लागत नाही. त्यांच्या बोटांना ती ठाऊक असते. आपण शिकवतो मात्र एक ते दहा आकडे पडद्यावर छापून, ज्यांचा त्यांच्या जॉबशी काही संबंध नसतो.

लूपचं तसं नाही. तिथे खरंच नवा विचार करावा लागतो. यंत्राला तेच काम पुन्हा करायला लावणं सोपं. १९४४ साली हार्वर्डमध्ये चालू झालेल्या मार्क वन या गणकयंत्रावर तर भोकं पाडलेल्या कागदी पट्टीची दोन टोकं चिकटवून गोल करत, की त्याच आज्ञा फिरून फिरून वाचल्या जात. कठीण असतं ते थांबायचं कधी हे आधीच सांगणं. मॅक्रोत ‘व्हाइल’पुढे अट लिहायची: एलटी म्हणजे पेक्षा लहान, एलई म्हणजे लहान किंवा तितकाच. मोजणी शून्यापासून धरली आणि आठ होलसाठी एलटीऐवजी एलई लिहिलं, तर मशीन नऊ वेळा फिरतं. नववा होल येतो ३६० अंशांवर, म्हणजे नेमका पहिल्याच होलवर. ड्रिल रिकाम्या भोकात जाऊन वर येतं. जॉब तपासणीत पास होतो, अलार्म येत नाही, फक्त प्रत्येक पीसमागे वेळ वाया जातो आणि महिनोन्महिने कोणाच्या लक्षात येत नाही. आकडा वाढवायची ओळच राहिली, तर ड्रिल एकाच होलमध्ये वरखाली करत राहील, रीसेट दाबेपर्यंत. तेव्हाही अलार्म नाही, कारण कंट्रोलच्या दृष्टीने सगळं सुरळीत चाललेलं असतं.

आणखी एक बारकावा मी कधी वगळत नाही. व्हेरिएबल रिकामं असणं वेगळं आणि त्यात शून्य असणं वेगळं. एक्सला रिकामं व्हेरिएबल दिलं तर कंट्रोल तो एक्स लिहिलाच नाही असं धरतं, टेबल जागचं हलत नाही; शून्य दिलं तर ते शून्यावर धावतं. मध्ये क्लॅम्प असेल तर टूल त्यावर आदळतं. त्यातही हॅश १०० च्या रांगेतल्या किमती सहसा मशीन बंद झालं की पुसल्या जातात, ५०० च्या पुढच्या टिकतात. त्यामुळे लाइट जाऊन आल्यावर कालचा चाललेला मॅक्रो आजही तसाच चालेल, हे गृहीत धरता येत नाही.

एवढं कळलेला पोरगा नुसता बटन दाबत नाही. ड्रॉइंग हातात आलं की त्यात काय बदलणारं आणि काय कायम राहणारं, हे तो आधी बघतो. पगार लगेच वाढेल असं मी सांगणार नाही, पण सेटर होण्याची वाट इथूनच जाते.

म्हणून सातपूर-अंबडच्या गाळेवाल्यांना आणि आयटीआयच्या निदेशकांना माझं मनापासून सांगणं आहे. आठवड्यातला एक तास एक मशीन मोकळं ठेवा. टेबलावर जॉब लावू नका, झेड उंच घ्या, सिंगल ब्लॉक चालू करा, शेजारी एक जाणता सेटर उभा करा, आणि त्या तासापुरता पोरांना प्रोग्रामला हात लावू द्या.