नळाच्या आदल्या दिवशी

लातुरात पाण्याची टाकी धुवायची तर आधी ती रिकामी पाहिजे, आणि भरलेली टाकी रिकामी करायला इथं कुणी धजत नाही. 12 एप्रिल 2016 ला मिरजेहून दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे आली, तो उन्हाळा ज्यांनी काढलाय त्यांना ‘पाणी सोडून द्या’ म्हणायची माझी तरी छाती होत नाही. त्या सालानंतर जमेल त्यानं घरात साठवण वाढवली. अंगणात हौद, गच्चीवर जोडीनं काळ्या टाक्या. आमचं निम्मं गिऱ्हाईक त्यातूनच तयार झालं.

लातूरची कामं आमचे हे बघतात, नांदेडची धाकटे भावजी. टाक्या, सोफे, बोअरच्या क्षारानं पांढऱ्या पडलेल्या बाथरूमच्या फरशा, हे सगळं आम्ही धुऊन देतो. फोन माझ्याकडे, म्हणजे जाहिरात, भाव सांगणं आणि उधारी मागणं हे सगळंच माझ्याकडे.

फेसबुकवर पैसे भरून जाहिरात चालवली की खाली लाईक पडतात, त्यात गिऱ्हाईक फार थोडं. शहराभोवती गोल आखता येतो, वय निवडता येतं, आवडीनिवडी निवडता येतात. पण कुठल्या गल्लीला उद्या नळ येणार आहे, हे त्या कंपनीला कुठून कळावं? तिथं ‘भाऊ, काम आहे का?’ असं विचारणारी पोरंच जास्त येतात. त्यातलाच एक आज आमचं जेट मशीन चालवतो. म्हणजे पैसे अगदीच पाण्यात गेले असं नाही.

मी व्हॉट्सअ‍ॅपवर भागवार याद्या केल्या. औसा रोड, अंबाजोगाई रोड, खाडगाव रोड, त्यातही नळाच्या पाळीप्रमाणे वेगळ्या. आमच्याकडे नळ रोज येत नाही. ज्या भागाला उद्या पाणी, त्या भागाला आज सकाळी मेसेज: ‘टाकी तळाला गेली असेल, दुपारपर्यंत धुऊन देतो.’ एका यादीत 256 नंबर मावतात, आणि ज्यानं आपला नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज पोचतो. म्हणून टाकी धुतली की झाकणाच्या आतल्या बाजूला तारीख आणि नंबराचं स्टिकर लावतो. ‘पुढच्या वेळी सोपं पडेल, आत्ताच सेव्ह करून ठेवा’ असं पोरं तिथंच सांगतात.

व्हिडिओंचं तर वेगळंच. सगळीकडे शिकवतात की आधीची घाण दाखवा, मग नंतरचा चकचकाट. मोठ्या शहरात चालत असेल. इथं गेटच्या रंगावरून घर ओळखतात. एका काकूंचा सोफा स्टेटसला ठेवला, तर संध्याकाळी फोन: ‘आमच्या घराचं शूटिंग गावभर टाकलालाव व्हय?’ सोफा धुतल्याचं त्यांना काहीच वाटत नव्हतं; तो एवढा मळला होता हे विहिणीला कळलं, हे दुखणं. आमच्या पोस्टवर गिऱ्हाइकांचे लाईक का पडत नाहीत तेही मला त्यातून उमगलं. लाईक करणं म्हणजे आमच्याकडेही अशीच घाण आहे असं चारचौघांत कबूल करणं. बायका गुपचूप बघतात आणि दुपारी फोन करतात.

सगळ्यात जास्त फोन आले ते एका साध्या व्हिडिओला. हौदात टाचभर पाणी उरलेलं. पोरगा ते मगानं बादल्यांत भरतोय, वरचं निवळ संडासाला, खालचं गढूळ अंगणातल्या लिंबाच्या बुडाला. मग तळाचा बोटभर गाळ खरडणं, जेट मारणं, ब्लीचिंगच्या पाण्यानं भिंती घासणं. घर कुठलं ते कुठंच दिसत नव्हतं. लोकांनी विचारलं एकच, ‘पाणी किती जाईल?’ स्वच्छतेबद्दल एक शब्द नाही.

नांदेडला हे सूत्र चालत नाही. तिथं विष्णुपुरीचं पाणी, टाकीची एवढी ओढाताण नाही. चालतात ते सोफे आणि गाद्या. इतवाऱ्यातली गिऱ्हाइकं लिहीत नाहीत, दखनीत व्हॉइस मेसेज पाठवतात, ते भावजींना लगेच कळतात. मला दोनदा ऐकावे लागतात. दोन्हीकडे सारखं एकच, पाहुण्यांची धास्ती. दिवाळीच्या आधी गर्दी असणार हे कुणीही सांगेल, पण आमचा फोन खरा तापतो तो महालक्ष्म्यांच्या आधी आणि घट बसायच्या आठवड्यात. महालक्ष्म्यांच्या जेवणाला अख्खी भावकी बैठकीत बसणार, त्यामुळे गणपती यायच्या आतच सोफ्याच्या तारखा भरतात. ऑगस्टपासून जाहिरातीवर मी एक रुपया घालत नाही.

जाहिरातीत टाकी हा शब्द आला की सेप्टिक टँकवालेही येतात. ‘दोन माणसं उतरवा, वरून पैसे देतो.’ सुरक्षेच्या साधनांशिवाय माणूस आत उतरवणं 2013 च्या कायद्यानं गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी मी आमच्या पोरांना उतरवलं नसतं. मी महापालिकेकडे मैला उपसायची गाडी मागा म्हणते. परवा एकजण यावर बराच वेळ चिडला, गाडी गल्लीत शिरत नाही, तुम्ही मग काय कामाच्या, वगैरे. मी ऐकून घेतलं. जरा थांबून म्हणाला, ‘बरं, सोफ्याचं काय घेता?’