जिनेव्हातली घड्याळखरेदी

जिनेव्हाला सरोवराजवळच्या एका दुकानात शिरलो, तो धाकट्यासाठी घड्याळ घ्यायला. धाकटा मुंबई हायच्या तेलविहिरींवर पाणबुड्या आहे.

विक्रेत्याने टिटॅनियमचे रोलेक्स पुढे ठेवले. रुंदी ५० मिलिमीटर, हमी ११,००० मीटर खोलीची! याचाच एक पूर्वज १९६० साली ‘त्रिएस्त’ यानाच्या बाहेर बसून मारियाना गर्तेचा तळ गाठून आला, तोही चालू! टिटॅनियम पोलादाहून हलके, खाऱ्या पाण्यात गंजत नाही. किमतीने मात्र जमिनीवरच माझा श्वास कोंडला.

मुंबई हायचा समुद्र जेमतेम पाऊणशे मीटर. शेवटी ट्यूडरचे ५०० मीटरवाले पसंत केले, तेही टिटॅनियमचेच.

घड्याळाची हमी मिळाली. पोराची कोण देणार?

घरी फोन केला. सौ.ने एवढेच विचारले, “वर यायची वेळ नीट दाखवील ना? मग घ्या!”