कापूर हाताळताना

कापूर तेलात घालायचा तो आच उतरल्यावर. खोबरेल तेल कोमट करतो, पातेलं खाली घेतो, बोट बुडवून पाहतो. चटका बसत नसेल तरच चुरलेला कापूर टाकून झाकण लावतो. चुलीवर असतानाच टाकला तर निम्मा वाफ होऊन जातो, शिवाय ती वाफ पेट घेते. आमच्या भडगावात एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ अंशांवर जातो. तेव्हा डबीचं झाकण सैल राहिलं की उरतो नुसता वास. जुनी माणसं डबीत काळे मिरे टाकतात. माझा भरवसा घट्ट झाकणावर.

आरतीच्या पुडीतल्या वड्या झाडाच्याच असतात, असं पुष्कळांना वाटतं. बहुतेक वेळा तसं नसतं. कापराचं झाड तैवान, जपान, दक्षिण चीनकडचं, दालचिनीच्या भाऊबंदांतलं. पान चुरगाळलं की हाताला वास लागतो. जुन्या खोडाच्या ढलप्या वाफवून, ती वाफ थंड केली की कापूर मिळतो. तैवान ताब्यात आल्यावर जपानने १८९९ मध्ये तिथल्या कापराचा मक्ता सरकारकडे घेतला, कारण सेल्युलॉइडला कापूर लागायचा. फाळक्यांच्या काळातल्या सिनेमाच्या फिती त्याच सेल्युलॉइडच्या. म्हणजे हे औषधी द्रव्य वैद्याच्या खलात जेवढं आलं, त्याहून कितीतरी जास्त कारखान्यात गेलं. पुढे पाइनच्या डिंकातून निघणाऱ्या टर्पेंटाइनपासून कापूर बनू लागला. आपल्याकडे बरेलीला १९६०च्या दशकात तसा कारखाना उभा राहिला. आज बाजारात येतो तो बहुतेक असाच.

भीमसेनी कापराचं झाड वेगळंच, बोर्निओ-सुमात्राच्या जंगलातलं. त्याचे खडे खोडाच्या भेगांत आपोआप धरतात. ‘भावप्रकाशा’त कापराचे पक्व आणि अपक्व असे दोन प्रकार सांगून अपक्व सरस मानला आहे, तो हाच, असं जाणकार समजतात. त्याच्या नावाने आज बरणीत जे विकतात, त्यात खरा भीमसेनी विरळा. तो पाण्यात बुडतो, साधा कापूर तरंगतो. स्वच्छ वाटीतल्या पाण्यावर साध्या कापराचा कण सोडा. जिवंत किडा असावा तसा गरगर धावत सुटतो. मग तेलकट बोटाचं टोक पाण्याला लावा, जागच्या जागी थांबतो. याच धावण्यावरून रॅले या इंग्रज शास्त्रज्ञाने १८९० मध्ये पाण्यावरच्या तेलाच्या थराची जाडी मोजली होती. मी मात्र वाटी नीट घासली गेली का, एवढंच त्यावरून पाहतो.

हातखंडा औषध म्हणाल तर अमृतधारा. कापूर, ओव्याचं फूल आणि पुदिन्याचं फूल समभाग, कोरड्या बाटलीत. पाणी नाही, आच नाही. तिन्ही पांढरी, कोरडी. पण एकत्र आली की कडांना ओल सुटते, खडे एकमेकांना चिकटतात, बाटली हलवत राहिलं की थोड्या वेळात सगळं पातळ होतं. ‘‘डोकं दुखी ऱ्हायनं’’ म्हणत कोणी ओसरीवर टेकलं की कपाळाला त्यातलं किंचित, तेही तेलात मिसळून.

पोटात घ्यायचा विषय निघाला की मी हात आखडता घेतो. ग्रंथांत पोटात घ्यायचे कापराचे योग आहेत, पण ते मापाने आणि वैद्याच्या नजरेखाली. पुडीतल्या वडीवर ते माप बसत नाही. लहान मुलाने चुकून एखादी वडी गिळली तर आकडी येते, जिवावरही बेततं. तेव्हा घरगुती उपाय करत न बसता थेट दवाखाना गाठायचा. अमेरिकेत १९८०च्या दशकात कापूरतेलावर बंदी आली ती याच भीतीने. आणि रसकापूर म्हणजे कापूरच, असं समजून कोणी मागायला आलं तर त्याला आधी खाली बसवतो. तो पाऱ्याचा क्षार आहे, जहाल विष.

करोनात २०२१ मध्ये कापूर, लवंग, ओव्याची पुरचुंडी हुंगली की रक्तातला प्राणवायू वाढतो, असे निरोप घरोघर फिरले. नाक मोकळं वाटतं, कारण कापराने थंडावा जाणवतो. रक्तातला प्राणवायू त्याने वाढत नाही. तीच पुरचुंडी आजही आज्या तान्ह्याच्या गळ्यात बांधतात. ‘‘आमची सगळी पोरं यावरच वाढली,’’ असं त्या मला सुनावतात. ऐकून घेतो, पुरचुंडी सोडवून त्यांच्याच हातात देतो आणि सांगतो, ‘‘आजी, ही तुम्हीच हुंगा. दोन वर्षांखालच्या लेकराच्या नाकाजवळ, छातीवर कापूर नको.’’