पदराआडचा डोळा

आईच्या डोळ्याच्या पडद्यावर साय धरली होती. ती सोलून काढल्यावर डॉक्टरांनी कागदावर ६/९ लिहून दिलं. आधी ६/३६ होतं. मी पेढे वाटले. आई मात्र ऑपरेशन झालेल्याच डोळ्यावर पदर धरून तांदूळ निवडायला बसायची. "दोन्ही उघडे ठेवले की एका दाण्याचे दोन होतात रे, एक लहान, एक मोठा." मी म्हणायचो, "अगं, रिपोर्ट चांगला आहे." एकदा तर पाहुण्यांसमोर बोललो, "तिला आता सवयच लागलीय."

मग माझाच पडदा सुटला. लहानपणापासून उणे नऊचा नंबर, त्यामुळे पडदा ताणून पातळ झालेला. आधी काजवे चमकले, मग काळे ठिपके, मग खालून चढत आलेला काळोख. ऑपरेशन करून डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडला, आठवडाभर पालथा पडून राहिलो. बुडबुडा विरेपर्यंत, म्हणजे दीड-दोन महिने, विमान नाही आणि महाबळेश्वरचा घाटही नाही. उंचीवर वायू फुगतो, डोळ्यातला दाब वाढतो. तो विरताना नजरेत गवंड्याच्या पाणसळीसारखी रेघ डुचमळायची. खरं सांगतो, मला त्याची गंमत वाटायची.

बुडबुडा गेला. डावा डोळा ६/९, उजवा पहिल्यापासून धड. एकेकाने चार्ट वाचतो, पण दोन्ही उघडले की दाराची चौकट कमरेत वाकते, मोठ्या 'क'च्या पोटात बारका 'क' येऊन बसतो, चहाची धार कपाऐवजी बशीत. पडदा चिकटला तरी मधल्या भागातल्या पेशी मूळ जागी बरोब्बर बसतातच असं नाही. माझ्या विरळ झाल्या, म्हणून त्या डोळ्याला सगळं लहान दिसतं. आईच्या सायीखाली आक्रसल्या होत्या, तिला मोठं. मेंदूला ही दोन मापं जुळवता येत नाहीत.

एक डोळा चांगला असला की दुसऱ्याचं मिळेल ते वरचं, असा माझा हिशेब होता. तो चुकला. अधू डोळा चांगल्याच्या कामात लुडबुड करतो. आणि चार्टवर हे सापडत नाही, कारण तो एक डोळा झाकूनच वाचायचा असतो. आई स्वयंपाकघरात वेगळं काय करत होती?

वाचायच्या चष्म्याच्या डाव्या काचेवर मी हल्ली धुरकट चिकटपट्टी लावतो. आईला दाखवली. म्हणाली, "मग माझा पदर काय वाईट होता?"

तुमच्या घरात पडद्याच्या ऑपरेशननंतर कोणी एक डोळा झाकून काम करत असेल, तर पुढच्या तपासणीला डॉक्टरांना तेवढं सांगा, त्यांनी विचारलं नाही तरी.