उलट्या व्होल्टेजपासून ट्रान्झिस्टर सांभाळ

चि. सईस,


आकाशकंदिलासाठी दोन बीसी ५४७ घेऊन तू केलेलं लुकलुकणारं सर्किट पाहिलं. जोडणी नेटकी आहे, फार आनंद झाला. पण आता त्याला १२ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर लावणार म्हणतेस, म्हणून सोल्डर करण्याआधी थोडं ऐक.

बीसी ५४७ची डेटाशीट उघड. कलेक्टर-एमिटरमध्ये तो ४५ व्होल्ट सोसतो. बेस-एमिटरमध्ये उलट्या दिशेने मात्र जेमतेम ६. तुझ्या सर्किटमध्ये एक ट्रान्झिस्टर चालू झाला की त्याचा कलेक्टर १२ वरून एकदम शून्याजवळ येतो. त्याला जोडलेला कपॅसिटर ११ व्होल्टच्या वर भरलेला असतो. त्यावरचं व्होल्टेज क्षणात बदलत नाही, म्हणून त्याचं दुसरं टोक तेवढंच खाली ओढलं जातं आणि दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या बेसवर उणे ११ व्होल्टच्या आसपास झटका बसू पाहतो. दर वेळी हेच. ९ व्होल्टच्या बॅटरीवरही मर्यादा ओलांडली जाते. ५ व्होल्टवर नाही.

यात धूर निघत नाही, म्हणूनच मला काळजी वाटते. बेस-एमिटर जंक्शन झेनरसारखं वाहू लागतं, दिवे हिशोबापेक्षा भराभर लुकलुकतात आणि ट्रान्झिस्टरचा गेन हळूहळू उतरत जातो. दोष कुठे आहे ते मग सापडता सापडत नाही.

उपाय स्वस्त आहे. प्रत्येक बेसच्या वाटेत १एन ४१४८ डायोड घाल, काळ्या पट्टीची बाजू बेसकडे. बेस आणि एमिटरमध्ये उलटा डायोड लावायचीही पद्धत आहे, पण ती बाहेरचा सिग्नल रेझिस्टरमधून येतो तिथे. इथे तसा लावलास तर कपॅसिटर लगेच रिकामा होईल आणि वेळेचं गणितच बिघडेल.

पुढे रिले लावशील तेव्हा जपायचं ते कलेक्टरला. कॉइलचा करंट एकाएकी तोडला की कलेक्टरवर सप्लायच्या कितीतरी पट व्होल्टेज चढतं. कॉइलला समांतर १एन ४००७ लाव, पट्टी प्लसकडे. तो उलटा लागला तर ट्रान्झिस्टर चालू होताच सप्लाय शॉर्ट होईल.

सर्किट चालू असताना काय होतं हे तू छान समजून घेतेस. बंद होण्याच्या क्षणी काय होतं, हेही दर वेळी कागदावर मांडत जा. डायोड लावलेस की फोटो पाठव. पट्ट्या मी तपासून देतो, मगच अ‍ॅडॉप्टर जोड.

तुझा,
मामा