‘अर्ज अपूर्ण आहे’: न्यू जर्सीतील एका गृहकर्जाची फेररचना

अमेरिकेत २००७नंतर आलेल्या घरजप्तीच्या लाटेचा विचार करताना कर्ज देणारा आणि घेणारा एवढ्या दोघांकडेच पाहिले, तर सरकारी मदतीचे धोरण का अडखळले हे उलगडत नाही. कारण बहुतेक ऋणकोंचा प्रत्यक्ष संबंध येई तो या दोघांमधल्या तिसऱ्याशी, म्हणजे ‘सर्व्हिसर’शी. मूळ बँकेने कर्ज विकून टाकलेले असे, तशी हजारो कर्जे एकत्र करून त्यांवर रोखे काढलेले असत, आणि हप्ते गोळा करून रोखेधारकांकडे पोचवण्याचे काम सर्व्हिसर करी. ऋणकोने हप्ता थकवला तरी रोखेधारकांचे देणे त्याला बहुधा पदरचे भरावे लागे. ही उचल मात्र घर विकले गेल्यावर सर्वांच्या आधी त्याला परत मिळे, आणि विलंबशुल्कही सहसा त्याच्याकडेच राही. घर वाचवण्यापेक्षा ते लिलावात निघणे अनेकदा त्याला अधिक सोयीचे होते, आणि सवलत कोणाला द्यायची हे ठरवण्याचे काम सरकारने त्याच्याकडेच सोपवले.

फेब्रुवारी २००९मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी जाहीर केलेल्या योजनेतील मुख्य भाग, ‘होम अफोर्डेबल मॉडिफिकेशन प्रोग्रॅम’ किंवा लोकांच्या तोंडी ‘हॅम्प’, याचे गणित कागदावर सरळ होते. मासिक हप्ता करपूर्व उत्पन्नाच्या ३१ टक्क्यांवर आणायचा. त्यासाठी आधी व्याजदर २ टक्क्यांपर्यंत उतरवायचा, तेवढ्याने भागले नाही तर मुदत ४० वर्षांपर्यंत वाढवायची, आणि तरीही न भागल्यास मुद्दलाचा काही भाग बिनव्याजी बाजूला ठेवून तो शेवटी वसूल करायचा. या हप्त्यात मालमत्ता कर आणि विमाही धरला जाई. न्यू जर्सीतला मालमत्ता कर देशात सर्वाधिक असल्याने तिथे ३१ टक्क्यांतला मोठा हिस्सा नगरपालिका आणि शाळा यांच्याकडे जाई, व मुद्दल-व्याजाला उरे ते थोडके.

प्रस्तुत लेखिकेच्या कुटुंबाने भाव शिखरावर असताना, २००६ साली, मिडलसेक्स काउंटीत घर घेतले होते. २००९मध्ये पतीचे माहिती-तंत्रज्ञानातील कंत्राटी काम थांबले आणि एका पगारावर हप्ता झेपेनासा झाला. त्या वर्षीच्या नियमांनुसार उत्पन्नाची पडताळणी नंतर करून आधी तीन महिन्यांचा चाचणी-हप्ता सुरू करता येई. त्यामुळे फोनवर सांगितलेल्या आकड्यांवर मंजुरी लगेच मिळाली, पण तीन महिने संपल्यावरही पक्का करार आला नाही. चाचणीचा हप्ता वेळेवर भरला जात असताना मूळ हप्त्यातील फरक थकबाकी म्हणून साठत राहिला, आणि अखेरीस नकार आला तेव्हा ती सगळी रक्कम एकदम देय झाली. सवलत घेण्यापूर्वी जेवढे देणे होते, त्याहून अधिक देणे सवलतीच्या काळात झाले, हे या योजनेच्या रचनेतच होते.

नकाराचे कारण एका ओळीचे होते: अर्ज अपूर्ण आहे. पगाराच्या पावत्या, बँकेचे उतारे, करविवरण मिळवण्याचे संमतिपत्र आणि ‘हार्डशिप लेटर’, म्हणजे अडचण का आली हे सांगणारे पत्र, हा संच पुनःपुन्हा फॅक्स करावा लागे, आणि तो कोणाच्या टेबलावर पोचेपर्यंत त्यातली पगाराची पावती जुनी ठरे. एका उताऱ्यासाठी तलाठ्याकडे खेटे घातलेल्यांना हा प्रकार नवा नव्हे. मात्र तिथे निदान तलाठी कोण आहे ते माहीत असते. अडचणीचे पत्र लिहिणे सर्वांत जड गेले. महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवात घरांच्या वाढत्या किमतींची चर्चा रंगलेली लेखिकेने ऐकली होती, थकलेल्या हप्त्याची कधीच ऐकली नाही. आणि जे जिवलगांना सांगितले नव्हते, ते अनोळखी कारकुनाला पटेल अशा बेताने मांडायचे होते.

याच काळात सर्व्हिसरच्या दुसऱ्या विभागाने न्यायालयात जप्तीचा दावा दाखल केला. एकीकडे फेररचनेचा विचार आणि दुसरीकडे जप्ती, या पद्धतीला ‘ड्युअल ट्रॅकिंग’ म्हणतात. न्यू जर्सीत जप्ती न्यायालयामार्फतच होते, आणि शपथपत्रांवर न वाचता सह्या ठोकल्या जात असल्याचे २०१०च्या शरद ऋतूत उघड झाल्यावर, डिसेंबरमध्ये राज्याच्या न्यायव्यवस्थेने मोठ्या कर्जसंस्थांकडून त्यांच्या कागदपत्रांबद्दल खुलासा मागितला. दावे खोळंबले. कुटुंबाचे घर वाचले ते प्रथम या खोळंब्यामुळे. धोरणाला त्याचे श्रेय देणे कठीण आहे.

फेब्रुवारी २०१२मध्ये ४९ राज्ये व केंद्र सरकार यांनी पाच मोठ्या सर्व्हिसरांशी २५ अब्ज डॉलरची तडजोड केली, तेव्हा प्रत्येक ऋणकोसाठी एकच संपर्क-अधिकारी असावा आणि ड्युअल ट्रॅकिंगला आळा बसावा, अशा अटी त्यात आल्या. लेखिकेचा दुसरा अर्ज त्यानंतरचा. कागद तेच होते, फक्त ते पाहणारी व्यक्ती आता बदलत नव्हती, आणि करार झाला. मुद्दल मात्र कमी झाले नाही. मुद्दलात सूट देण्याला मोठा विरोध होता. बँकांकडून गृहकर्जे विकत घेणाऱ्या फॅनी मे आणि फ्रेडी मॅक या कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या संस्थेचे तत्कालीन प्रमुख एडवर्ड डीमार्को यांनी जुलै २०१२मध्ये त्या दोघींच्या कर्जांसाठी ती साफ नाकारली. ज्यांचे घर कर्जापेक्षा स्वस्त झाले होते त्यांना हप्ता परवडू लागला, पण घर विकून दुसरीकडे नोकरी धरण्याची मोकळीक मिळाली नाही.

जानेवारी २०१४मध्ये लागू झालेल्या केंद्रीय नियमांनी थकबाकी १२० दिवसांहून जुनी झाल्याशिवाय जप्तीची पहिली कारवाई करण्यास सर्वसाधारणपणे मनाई केली, आणि लिलावाच्या ३७ दिवसांहून आधी आलेल्या पूर्ण अर्जावर निर्णय देणे बंधनकारक केले. कोणती सवलत द्यावी, किंवा मुळात द्यावी की नाही, हे त्या नियमांनी ठरवले नाही. अर्ज ‘पूर्ण’ होण्यासाठी कोणते कागद लागतील हेही बव्हंशी सर्व्हिसरच ठरवतो. मार्च २०२०मध्ये कोविडकाळातील कायद्याने केंद्र सरकारचा आधार असलेल्या गृहकर्जांचे हप्ते १८० दिवस, आणि मागणी केल्यास आणखी १८० दिवस, थांबवण्याची मुभा दिली, तेव्हा ऋणकोने अडचण आहे एवढे सांगणे पुरेसे मानले आणि पुराव्याचे कागद मागण्यास सर्व्हिसरला मज्जाव केला.