वेताळाची गादी

चि. मनू,



मेलबर्नच्या दुकानातल्या रॅकचा फोटो पोचला. जांभळ्या अंगरख्यावर पट्ट्यांची चड्डी घालणारा हा फँटम आत्याला एवढा का आवडतो, असं तू विचारलंस. विचारणारच! पण तुझ्या सुपरमॅनहून तो वयाने थोरला आहे, हे आधी ऐकून ठेव. ली फॉकने त्याची चित्रमालिका अमेरिकन वर्तमानपत्रात १९३६ साली सुरू केली, सुपरमॅन आला १९३८ला. तुमच्याकडे फ्रू कंपनी १९४८पासून त्याचे अंक काढतेय. आमची गाठ पडली ती इंद्रजाल कॉमिक्समधून. टाइम्सवाल्यांनी १९६४मध्ये ती सुरू केली आणि मराठीत फँटमचा वेताळ झाला. वाचनालयातून एका दिवसाच्या बोलीवर अंक यायचा. तुझा बाबा नि मी तो एकदमच वाचायचो. माझं पान संपलं तरी हा आपला चित्रंच बघत बसलेला, की झाली मारामारी.

वेताळाला उडता येत नाही. गोळी लागली तर रक्त येतं. त्याचं सगळं बळ एका बनावात आहे. १५३६ साली चाच्यांनी एक जहाज लुटलं, बाप डोळ्यांदेखत मारला गेला आणि एकटा मुलगा वाहत किनाऱ्याला लागला. बांदर जमातीच्या बुटक्या लोकांनी त्याला जगवलं. बापाच्या खुन्याच्या कवटीवर त्याने शपथ घेतली, की चाचेगिरी, हाव, क्रौर्य आणि अन्याय यांच्याशी मी लढेन, माझ्यामागे माझी मुलं लढतील. तेव्हापासून एखाद्या मठासारखी ही गादी चालू आहे. बाप गेला की मुलगा तोच मुखवटा चढवतो आणि जंगलातले लोक म्हणतात, हा मरतच नाही. आपण वाचतो तो एकविसावा. आधीचे वीस कवटीच्या गुहेत पुरलेले आहेत. हे गुपित बांदरांच्या गुरनसारख्या मोजक्यांना ठाऊक, आणि आपल्याला! लहानपणी यापेक्षा मोठी चैन कुठली?

वेताळाच्या अंगठ्यांचं मला फार कौतुक होतं. उजव्या हाताचा ठोसा बसला की गुंडाच्या जबड्यावर कवटी उमटायची, ती जन्मभर जायची नाही. डाव्या हातातल्या अंगठीची खूण ज्याला मिळे, त्याच्या वाटेला कोणी जात नसे. पण आता वाचताना थांबते ती बखरींच्या खोलीपाशी. प्रत्येक वेताळाने आपली हकिगत स्वतःच्या हाताने जाडजूड वह्यांत लिहून ठेवलेली. एकविसावा त्यातली एखादी काढून बसतो, की तीनशे वर्षांपूर्वीची गोष्ट सुरू. मालिका इतकी वर्षं टिकली त्याचं निम्मं श्रेय मी या फडताळाला देते. फॉकने १९९९मध्ये मरेपर्यंत ती लिहिली, आणि ती अजून चालू आहे.

आफ्रिकेच्या जंगलात गोरा माणूस न्यायनिवाडा करतो, हे मलाही आता खटकतं. जुन्या कथांतले आदिवासी तर बघवत नाहीत. पुढे फॉकने कथेतल्या देशाला लामांडा लुआगा हा निवडून आलेला काळा डॉक्टर राष्ट्राध्यक्ष दिला. त्याने सगळं धुऊन निघालं असं नाही, पण लेखक जागच्या जागी थिजला नव्हता एवढं खरं.

सुरुवात कर ती एकविसाव्याच्या लहानपणापासून. तो, म्हणजे किट, अमेरिकेत मावशीकडे शिकायला असतो, खेळात चमकतो, डायना नावाची मुलगी आवडायला लागलेली असते, आणि गुरन निरोप घेऊन येतो की बाप शेवटच्या घटका मोजतोय. पोरगा सगळं सोडून गुहेत परततो. तिथे मी अजून रडते. तुझा बाबा ठणठणीत आहे, तेव्हा हा टोमणा समजू नकोस. आधी सेमिस्टर पुरं कर.

तुझी,
आत्या